हिमाद्रीवर येताय? मग आधी हे वाचा

हिमाद्री म्हणजे आर्क्टिकमधलं भारताचं संशोधन केंद्र, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंद गावात. मी त्याच बेटांवरच्या लॉन्गइयरब्येनला राहत असल्यामुळे हिमाद्रीकडे निघालेल्या आपल्या मंडळींशी माझी अधूनमधून गाठ पडते. प्रश्न ठरलेले असतात: थंडी किती, अस्वलं दिसतात का? थंडीचं काही नाही, नीट कपडे असले की भागतं. घोडं अडतं ते भलतीकडेच.

पहिलं म्हणजे व्हिसा. 1920 च्या करारामुळे स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, हे खरं. पण येता-जाता वाट नॉर्वेतूनच, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशगटाच्या, बाहेर. म्हणजे इकडे आलात की तुम्ही शेंगेन सोडलंत. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीच्या वाटेवर अडकाल. किमान दोन प्रवेशांचा घ्या. ऑफिसने बघितलं असेल, असं गृहीत धरू नका.

दुसरं. हिमाद्री 2008 पासून भारताचं स्टेशन आहे, पण न्यू-ओलेसुंद हे गाव चालवते किंग्स बे ही नॉर्वे सरकारची कंपनी. इमारत भाड्याची, वीज त्यांची, मेस एकच आणि सगळ्या देशांची. तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून आलात तरी इथे तुम्ही भाडेकरू. बोटीची वेळ हवी, क्रेन हवी, की आधी त्यांना कळवायचं. आयत्या वेळी कुणी धावून येत नाही. उलट मेसमध्ये शेजारच्या जर्मन किंवा इटालियन माणसाशी दोन शब्द बोललात तर एखादा सुटा भाग तासाभरात मिळून जातो. गोव्यातल्या आपल्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून तो यायला महिने लागतील.

आता सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट. गावाभोवती 20 किलोमीटरपर्यंत 2 ते 32 गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात काहीही प्रक्षेपित करायचं नाही. दूरच्या क्वेसारांचे (अतितेजस्वी आकाशगंगा-केंद्रांचे) अतिक्षीण रेडिओ संकेत टिपून पृथ्वीची मोजमापं करणाऱ्या अँटेना तिथे आहेत. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही याच पट्ट्यात येतात. फोन आणि घड्याळ तर बंद कराच, पण खरी मेख उपकरणांत असते. हल्लीचे डेटा लॉगर (मोजमापं आपोआप नोंदवणारी यंत्रं) चालू झाले की आपण होऊन वायफाय सुरू करतात. तो पर्याय कुठल्या मेनूत आहे आणि बंद केल्यावर वीज जाऊन आली तरी बंदच राहतो का, हे भारतातच तपासा. केबलचा माउस आणा, नेटवर्कच्या केबली दोन जास्त आणा. एखादं यंत्र प्रक्षेपण केल्याशिवाय चालतच नसेल, तर परवानगीचा अर्ज फार आधी करावा लागतो.

फील्डवर्कची नोंद स्वालबार्डच्या संशोधन नोंदवहीत करायची, आणि काही गोष्टींना गव्हर्नरच्या कार्यालयाची परवानगी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण सुटका नाही.

अस्वलांबद्दल एवढंच: गावाबाहेर रायफल आणि फ्लेअर गनशिवाय (अस्वलाला पळवायची, प्रकाशगोळे उडवणारी बंदूक) जायचं नाही, आणि प्रशिक्षण झाल्याशिवाय रायफल हातात घ्यायची नाही. फोटोच्या हौसेपायी जवळ जाऊ नका. 2025 पासून किमान 300 मीटर अंतर बंधनकारक आहे. मार्च ते जून 500. गावातली दारं कुलपाविना असतात, ती अस्वल आलं तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून. तुम्हीही कुलूप लावू नका. उन्हाळ्यात मात्र रोजचा त्रास टर्न पक्ष्यांचा. घरटी रस्त्याकडेलाच असतात आणि ते थेट डोक्यावर टोचा मारतात. काठी डोक्यापेक्षा उंच धरून चाला. ते सर्वांत उंच टोकावर झडप घालतात.

डिसेंबर 2023 पासून आपली माणसं हिवाळ्यातही राहू लागली आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. काम असो-नसो, जेवणाच्या वेळी मेसमध्ये जाच. खोलीत डबा नेऊन खाणारा माणूस आठवड्याभरात दुपारी उठायला लागतो.

राहिलं सामान. लॉन्गइयरब्येनहून पुढे रस्ता नाही. छोटं विमान, नाहीतर जहाज. लिथियम बॅटऱ्या विमानात सहजी घेत नाहीत, त्या आधीच जहाजाने रवाना करा. प्रत्येक खोक्यावर प्रकल्पाचं नाव आणि आतल्या वस्तूंची यादी चिकटवा, इंग्रजीत. धक्क्यावर खोकी उतरवणाऱ्याला तुमचा प्रकल्प ठाऊक नसतो.