जुन्या मॅटाडोरचा क्लच: आधी माप, मग दुकान

काउंटरवर जाऊन "मॅटाडोरची क्लच प्लेट द्या" म्हटलं की समोरून प्रश्न येतो, "कुठली?" प्रश्न बरोबर आहे. एफ-३०५ मॉडेलची वेगळी, एफ-३०७ची वेगळी, आणि पंचवीस-तीस वर्षं भाड्यावर पळालेल्या गाडीत कधी इंजिन बदललेलं असतं, कधी टेम्पो ट्रॅव्हलरचा गिअरबॉक्स चढवलेला असतो. आरसी बुकावर एक आणि खाली भलतंच. म्हणून गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय माल विकत आणू नका.

पण उतरवण्याआधी दोष नक्की क्लचचाच आहे ना, ते बघा. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. बंद न पडता घुमत राहिलं तर प्लेट स्लिप मारतेय. मात्र पेडलला फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) उरलेला नसेल तरीही असंच होतं, तेव्हा आधी अ‍ॅडजस्टमेंट तपासा. हे काम पाच मिनिटांचं आहे. रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर केबल किंवा मास्टर-स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलाने क्लचपर्यंत नेणारे) आधी पाहा. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबून सोडवणारं बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो, तो आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. तिथे क्लचवर खर्च करून उपयोग नाही.

गिअरबॉक्स खाली आला की व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी), खडू आणि वही घ्या. प्लेटचा बाहेरचा आणि आतला व्यास, लायनरसकट (घासणाऱ्या थरासकट) जाडी आणि स्प्लाईनचे, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भोकाचे, दाते लिहा. एका दात्यावर खडूची खूण केल्याशिवाय मोजू नका, हमखास एक कमी-जास्त होतो. दाते सारखे असले तरी गिअरबॉक्सच्या शाफ्टचा व्यास वेगळा असू शकतो, तोही मोजा. सगळ्यात जास्त विसरतात ते हबचं, म्हणजे प्लेटच्या मधल्या जाड भागाचं, माप. प्लेट सपाट फरशीवर ठेवून हब किती वर येतो ते मोजा, मग उलटी करून पुन्हा. हे चुकलं तर प्लेट बसते, पण हब किंवा त्याच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) बोल्टांना घासतात आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या कव्हरला) तीन बोटं, म्हणजे लिव्हर, आहेत की डायफ्रामच्या (गोल चकतीसारख्या स्प्रिंगच्या) पाकळ्या, ते लिहा. समोरासमोरच्या भोकांचं अंतर काढायला एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. केंद्र शोधत बसावं लागत नाही. कव्हर जागेवर धरणाऱ्या डॉवेल पिना किती, तेही नोंदवा. रिलीज बेअरिंगचा चेहरा सपाट आहे की गोलसर, हेही पाहा. पाकळ्यांच्या आकाराशी तो जुळायला हवा.

आता बाजार. जुने नमुने पोत्यात घालून नाशिकच्या द्वारका, मुंबई नाक्याकडच्या स्पेअरच्या दुकानांत जा. बिल करताना "फोर्स"च्या नावानेही शोधायला सांगा, कारण मॅटाडोर बनवणारी बजाज टेम्पो २००५ पासून फोर्स मोटर्स आहे आणि नव्या कॅटलॉगला जुनं नाव माहीत नसतं. नाशिकात नाही मिळालं तर पुण्याच्या नाना पेठेत फोन करा. मापं आणि नमुन्याचे फोटो पाठवले की माल पार्सलने येतो. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, त्यामुळे भंगारातला माल शोधायचा तर आधी फोन करूनच निघा. भंगारातून फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा), बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं आवरण) घ्या हवं तर. रिलीज बेअरिंग कधीच घेऊ नका.

खोक्यावर भरवसा नको, ते कुठल्याही छापखान्यात छापून मिळतं. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि मालावर ठोकलेला नंबर जुळवा. "बसली नाही तर परत" हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. दुकान सोडण्याआधी नवी प्लेट जुनीवर ठेवून हब जुळवा. घरी आणली की गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवा: सहज सरकली पाहिजे, डुगडुगता कामा नये.

नवी प्लेट मिळतच नसेल तर जुन्या प्लेटवर नवे लायनर रिव्हेट करून घेता येतात. ब्रेक लायनरवाले हे काम करतात. अट एवढीच की स्प्लाईन झिजलेले नसावेत, हबच्या स्प्रिंगा सैल नसाव्यात आणि पत्रा वाकलेला नसावा. मूळ जाडीपेक्षा जाड लायनर लावले तर क्लच नीट सुटणार नाही. रिव्हेटच्या डोक्यावर लायनर ०.३ मिमीपेक्षा कमी उरलं असेल तर ती प्लेट संपली.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर नख फिरवा. नख अडकलं की ग्राइंडिंग करायलाच हवं. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये होतं. भेग खोल असेल तर फ्लायव्हीलच बदला. काढण्याआधी फ्लायव्हील आणि क्रँकवर (ते ज्यावर बसतं त्या इंजिनच्या शाफ्टवर) खूण करा. फ्लायव्हीलला पायरी असेल तर जेवढा चेहरा घासाल, तेवढीच कव्हर बसतं ती कडाही घासून घ्या, नाहीतर दाब कमी पडेल. प्लेटवर काळं इंजिन ऑइल असेल तर क्रँकचा मागचा सील, उग्र वासाचं जाड ऑइल असेल तर गिअरबॉक्सचा पुढचा सील. सील न बदलता नवी प्लेट बसवणं म्हणजे तीच प्लेट पुन्हा विकत घेणं.

बसवताना प्रेशर प्लेटच्या चेहऱ्यावरचं गंजरोधक तेल थिनरने पुसा. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. जुनी धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. स्प्लाईनवर ग्रीसचा नुसता हात. अलाइनमेंटला जुना इनपुट शाफ्ट सर्वात चांगला, नाहीतर टर्नरकडून लाकडी दांडा करून घ्या. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा.

पहिले तीनशे-चारशे किलोमीटर पूर्ण लोड टाळा. लासलगावचा कांदा भरून थेट घाट चढायला नेली तर नवा लायनर बसायच्या आतच जळतो.