ऑक्टोपस निवडताना: बेळगावकडून समुद्रात उतरणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं मालवण-तारकर्लीला, गोव्याला, नाहीतर मुरुडेश्वरहून नेत्राणीला जाऊन स्कूबा डाईव्हिंगचा ‘ओपन वॉटर’ हा सुरुवातीचा कोर्स करतात. काहींना पुढे डाईव्हमास्टर, म्हणजे पाहुण्यांना पाण्यात नेणारा, व्हायचं असतं. कोर्स चालू असेपर्यंत सेंटरचंच सामान वापरा. स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं यंत्र, घेताना मात्र एक चूक सर्रास होते. सगळे पैसे आपल्या तोंडातल्या सेकंड स्टेजवर जातात आणि ऑक्टोपस, म्हणजे हवा संपलेल्या जोडीदाराला द्यायची जादा सेकंड स्टेज, म्हणून मिळेल ते स्वस्तातलं जोडलं जातं. तो ज्याच्या तोंडात जायचा असतो, तो घाबरलेला असतो, धापा टाकत असतो. हवा सगळ्यात जास्त त्यालाच लागते. त्याचा विचार करून निवड करा.

सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज त्यातला 200 बारचा दाब उतरवून आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त ठेवते, आणि दोन्ही सेकंड स्टेज तिच्यावरच चालतात. 18 मीटरवर दाब 2.8 बार. मिनिटाला 20 लिटर श्वास घेणारा शांत माणूस तिथे 56 लिटर ओढतो, 40 लिटर घेणारा घाबरलेला 112. दोघे एकदम ओढू लागले की साध्या अनबॅलन्स्ड पिस्टनच्या फर्स्ट स्टेजवर श्वास सिलिंडर 50 बारच्या खाली गेल्यावर जड होतो, आणि ऑक्टोपसची वेळ बहुधा तेव्हाच येते. म्हणून फर्स्ट स्टेज बॅलन्स्डच घ्या, म्हणजे सिलिंडर रिकामा होत आला तरी दाब सारखा ठेवणारी. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

मांडणीचं म्हणाल तर नवख्यांसाठी पिवळ्या होजचा (नळीचा) नेहमीचा ऑक्टोपस. होज सुमारे एक मीटर, कारण पाऊण मीटरच्या होजवर समोरासमोर पोहताना दोघांची ओढाताण होते. हनुवटी आणि खालच्या बरगड्यांच्या मधल्या त्रिकोणात तो क्लिपला असावा, एका हिसक्यात सुटणारा. बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या) खिशात कोंबलेला किंवा मागे लोंबणारा ऑक्टोपस वेळेला हाती लागत नाही, शिवाय त्यात वाळू जाते. दोन मीटरचा लाँग होज तोंडात आणि बॅकअप गळ्यातल्या इलॅस्टिकमध्ये, ही पद्धत उत्तमच, पण तिचा सराव बडीलाही (जोडीदारालाही) हवा. पाहुण्यांना पाण्यात नेणाऱ्या डाईव्हमास्टरने पिवळाच ठेवावा. पाहुण्यांना तोच शोधायला शिकवलेलं असतं. बीसीडीत हवा भरायच्या इन्फ्लेटरमध्येच बसवलेला बॅकअप एक होज वाचवतो. पण त्यात तोंडातला रेग्युलेटर दुसऱ्याला देऊन तुम्ही इन्फ्लेटरमधून श्वास घेता आणि वर येताना बीसीडीची हवाही त्यातूनच सोडता. सुरुवातीला नको.

विकत घेण्याआधी दोन चाचण्या करा. सिलिंडर बंद ठेवून पर्ज बटन दाबा, होजमधली हवा काढा आणि ऑक्टोपसमधून ओढून बघा. काहीच यायला नको. हवा आली तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. मग सिलिंडर उघडा, बादलीत पाणी घ्या आणि माउथपीस वर ठेवून ऑक्टोपस हळूहळू बुडवा. सूं आवाज सुरू होईल तेव्हा पाण्याच्या पातळीपासून डायफ्राम किती खोल आहे ते बघा. 3 ते 4 सेंटिमीटर ठीक. 2 सेंटिमीटरलाच सुरू झाला तर उडी मारल्याबरोबर फ्री-फ्लो होईल, म्हणजे हवा आपोआप सुटत राहील. 5-6 वर गेला तर घाबरलेल्या माणसाला वाटेल, हवाच येत नाही. बाजूची व्हेंचुरी खिट्टी असेल तर ऑक्टोपसवर ती ‘प्री-डाईव्ह’कडे ठेवा, म्हणजे हवा अशी सुटणार नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या: ऑक्टोपस हा सिलिंडरला पर्याय नाही. फर्स्ट स्टेज किंवा सिलिंडर गेला की दोन्ही तोंडं गेली. एकटे फोटो काढत मागे राहणाऱ्यांनी वेगळ्या रेग्युलेटरसह 3 लिटरची पोनी बाटली, म्हणजे छोटा जादा सिलिंडर, घ्यावी. 18 मीटरवर सावरायला एक मिनिट, 9 मीटर प्रतिमिनिट वेगाने वर यायला दोन मिनिटं, 5 मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. मिनिटाला 40 लिटर धरून हे साडेचारशे लिटरच्या आसपास जातं. 3 लिटर गुणिले 200 बार म्हणजे 600. त्याहून लहान, हातात धरायच्या बाटलीतले 85 लिटर त्याच खोलीवर मिनिटभरही पुरत नाहीत.

जून ते सप्टेंबर सामान कपाटात पडतं, आणि आपल्याकडच्या पावसात माउथपीसमध्ये बुरशी धरते, एक्झॉस्टची रबरी चकती चिकटते. गोड्या पाण्यात धुताना फर्स्ट स्टेजची डस्ट कॅप घट्ट असू द्या आणि पर्ज दाबू नका, नाहीतर पाणी आत चढतं. सावलीत पूर्ण वाळवून, होज न मुडपता ठेवा. सर्व्हिसिंग कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, ऑक्टोपससकट. वापरला नाही म्हणून त्याचं रबर जुनं व्हायचं थांबत नाही.

घाटाचंही लक्षात ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे, आणि डाईव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून विमानासाठी जे थांबायला सांगतात ते 600 मीटरच्या वरच्या उंचीलाही लागू धरतात: एका डाईव्हनंतर किमान 12 तास, जास्त डाईव्ह असतील तर 18. ऑक्टोपसवर वर यावं लागलं तर पुष्कळदा सेफ्टी स्टॉप (5 मीटरवरचा तो थांबा) चुकतो. अशा दिवशी चोर्ला किंवा आंबोली चढूच नका, किनाऱ्यावरच मुक्काम करा. सांधे दुखले, हातपाय बधिर झाले किंवा मुंग्या आल्या तर सेंटरवर लगेच सांगून ऑक्सिजन घ्या आणि डॉक्टर गाठा.