उसावरून उडणारं काम: ड्रोन फवारणीत उतरणाऱ्या नव्या पोरांसाठी

डिप्लोमा झाला तेव्हा वर्गातली निम्मी पोरं पुण्याला गेली, काही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर लागली. मी गावातच राहिलो, कारण उसाचं एक दुखणं लहानपणापासून बघत आलो होतो. ऊस डोक्याच्या वर गेला की आत शिरून औषध मारता येत नाही. २००२ साली आपल्या भागात लोकरी मावा ही उसाचा रस शोषणारी कीड आली, तेव्हा पाठीवर पंप घेऊन सरीत शिरलेल्या गड्यांचे हात पानांनी चिरलेले आणि त्याच ओरखड्यांत औषध झिरपलेलं, हे बाबा अजून सांगतात.

१० लिटरच्या टाकीचा ड्रोन सात-आठ मिनिटांत एक एकर मारतो. पाठीवरच्या पंपाला त्याच एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. हे ऐकून पोरं म्हणतात, एजन्सी घेऊन ड्रोन विकूया की. मला ते पटत नाही. दोन एकरवाल्याला वर्षात चार-पाच दिवस लागणारं यंत्र तो कशाला घेईल? त्याला फवारलेला एकर हवा असतो. केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झालं. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय कंपनीने केली, पण गावागावांत ती चालवली रोकड घेणाऱ्या-देणाऱ्या छोट्या दुकानदारांनी. रवांडात २०१६ पासून ड्रोनने रक्त पोचवतात, तिथेही दवाखान्यांनी ड्रोन घेतले नाहीत, पोचवण्याची सेवा घेतली. आपल्यासारख्या देशात नव्या यंत्राचा धंदा असा मधल्या जागेत असतो.

आता कागदपत्रं. वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, एवढ्यावर रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन उडवायचा परवाना मिळतो आणि तो १० वर्षं चालतो. ड्रोन घेताना मात्र घाई करू नका. माझा पहिला ड्रोन एका विक्रेत्याने ‘कागद नंतर देतो’ म्हणून स्वस्तात गळ्यात मारला. त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मॉडेल तपासून पास केल्याचा दाखलाच नव्हता, म्हणून नोंदणी झाली नाही आणि पूर्ण हंगाम यंत्र घरात पडून राहिलं. सर्टिफिकेट हातात घेऊन वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

दुसरी गोष्ट जागेची. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. म्हणजे मुतगे, बाळेकुंद्रीची शिवारं आधीच अडचणीची. त्यात बेळगावात लष्कराचं ठाणं आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. काम घेण्याआधी सरकारी नकाशावर शेताची जागा बघायची, रेड झोन, म्हणजे उडवायला बंदी असलेली जागा निघाली तर सरळ नाही म्हणायचं. ओळखीचे काका नाराज होतील, होऊ देत.

खरं शिक्षण शेतात झालं. दुसऱ्या वर्षी एका काकांच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. नऊ वाजून गेलेले, वारं सुटलेलं, तरी एकच एकर राहिलाय म्हणून मी उडवलं. बांधापलीकडच्या टोमॅटोची पानं चार दिवसांत वळली. रुंद पानाच्या पिकाला हे तणनाशक मारतंच. त्या मावशींना मी भरपाई दिली, पण त्यांचा हंगाम काही परत आला नाही. त्या दिवसापासून शेजारी भाजी, सोयाबीन किंवा भुईमूग असेल तर ड्रोनने तणनाशक मारत नाही, आणि वारं उठलं की यंत्र खाली घेतो. सर्टिफिकेटच्या वर्गात उडवायला शिकवतात. औषधाचं ज्ञान कृषी अधिकाऱ्यांकडून आणि जुन्या शेतकऱ्यांकडून घ्यावं लागतं.

पैशाचं गणित बॅटरीवर बसतं. एका बॅटरीत एखादं-दीड एकर होतं. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तर ती लवकर जाते, म्हणून पाच-सहा बॅटऱ्या, जनरेटर आणि औषध कालवायला एक जाणता जोडीदार लागतोच. आपल्याकडे रानं तुकड्यातुकड्यांची. इथलं अर्धं एकर झालं की सामान उचलून दुसऱ्या बांधावर, अशात सकाळ संपते. म्हणून एकट्या शेतकऱ्याचं काम घेत नाही. एका शिवारातले सात-आठजण एकत्र येऊन दिवस ठरवतात, मग दरही कमी करता येतो. हे जमवायला सोसायटीचे सेक्रेटरी आणि बचतगटाच्या ताई फार उपयोगी पडतात. नमो ड्रोन दीदी योजनेत निवडलेल्या महिला गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत आहे. तुमच्या गावात असा गट असेल तर त्याच्याशी स्पर्धा करू नका, त्यांच्यासोबत काम करा.

आणि कन्नड शिका. निपाणीत मराठीवर भागतं. हुक्केरी, गोकाककडे दर ठरवताना, औषधाचं प्रमाण सांगताना, जनावरं लांब ठेवा म्हणताना अर्धवट बोलून चालत नाही. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातले अर्जही कन्नडच. मी मराठी शाळेतला. पहिल्या वर्षी एका अण्णांनी रोज बांधावर बसून मला आकडे आणि औषधांची नावं शिकवली. आज त्यांच्या गावातलं सगळं काम माझ्याकडे आहे.

सध्या मी उद्यमबागेतल्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये लँडिंगचे पाय आणि टाकीचे क्लॅम्प करून घेतोय. बाहेरून मागवलेला पाय यायला आठवडे जातात आणि तोवर रोग काही थांबत नाही. मोटर आणि कंट्रोलरची दुरुस्ती मात्र अजून लांब पाठवावी लागते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्या, इथेच राहू इच्छिणाऱ्या कुणी ते काम हातात घेतलं, तर माझे दोन्ही ड्रोन पहिल्या दिवशी त्याच्याकडे येतील.