नाणं कुणाच्या नावाचं होतं?

एम.ए.च्या तोंडी परीक्षेत प्रश्न आला, "हैदराबादचा निजाम मुघलांपासून स्वतंत्र कधी झाला?" मी ठोकून दिलं, "1724. साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर त्यानं स्वातंत्र्य जाहीर केलं." समोरच्या बाई म्हणाल्या, "कुठं जाहीर केलं? नाणं पाडलं का स्वतःच्या नावाचं?" मी गप्प. "जाहीर" हा शब्द मी गाइडातून उचलला होता.

अठराव्या शतकाकडे नव्यानं वळणाऱ्यांनी आधी नावांचा गुंता सोडवून घ्यावा. मीर कमरुद्दीन, चिनकिलीजखान, निजाम-उल-मुल्क, आसफजाह हा एकच माणूस. मी पहिल्या सेमिस्टरला त्याची तीन माणसं केली होती! तारखांचंही तेच. साखरखेर्ड्याची लढाई कुठे 30 सप्टेंबरची, कुठे 11 ऑक्टोबरची सापडते; फरक जुन्या-नव्या कॅलेंडरचा. वहीत दोन्ही लिहून ठेवा.

मग गोष्ट नीट वाचा, मजा तिथे आहे. 1722 साली निजाम दिल्लीत मुघल बादशहाचा वजीर झाला, पण दरबारात त्याचं कुणाशी जमेना. शिकारीचं निमित्त काढून बाहेर पडला तो थेट दख्खनेत. दरबारानं हैदराबादच्या मुबारिजखानाला त्याच्यावर सोडलं. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला मुबारिजखान मारला गेला. त्या वेळी बाजीराव निजामाच्या बाजूनं होता. चारच वर्षांनी त्यानंच निजामाला पालखेडला कोंडलं. आणि बादशहानं काय केलं? 1725 साली याच निजामाला "आसफजाह" किताब देऊन दख्खनच्या सहा सुभ्यांवर, म्हणजे प्रांतांवर, कायम केलं. दुसरा इलाज होताच कुठे!

त्या तोंडी परीक्षेपासून मी साल सांगण्याआधी चार गोष्टी बघतो: नेमणुका कोण करतो, वसूल कुठं जातो, खुतबा (शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, त्यात राज्यकर्त्याचं नाव घेतात) आणि नाणं कुणाच्या नावाचं. निजामाच्या बाबतीत पहिल्या दोन त्याच्या हातात, उरलेल्या दोन दिल्लीच्या. पुढे संग्रहालयात हैदराबादचा जुना रुपया पाहिला. जाडसर, ठसा एका बाजूला सरकलेला, फारसी अक्षरं कडेला कापली गेलेली. नाव मुघल बादशहाचं. 1857 च्या उठावात दिल्लीची गादीच गेली, तोवर हैदराबादेत हेच चाललं.

उत्तरपत्रिकेत आता मी लिहितो, "व्यवहारात स्वतंत्र, कागदावर सुभेदार." पेपर तपासणाऱ्याला आवडो न आवडो. सुट्टीत खुलताबादला गेलात तर औरंगजेबाची कबर पाहून लगेच परतू नका. हा निजामही त्याच गावात पुरलेला आहे.