श्रीलंकेच्या बेटावर निघण्याआधी: माळरानावर लॉज बांधू पाहणाऱ्यांसाठी तयारीची यादी

लॉज म्हटलं की सोलापुरात अजूनही एस.टी. स्टँडसमोरच्या, जिन्यात ट्यूबलाइट फडफडणाऱ्या इमारती आठवतात. पण माझ्याकडे बांधकामाचे आराखडे करून घ्यायला हल्ली वेगळीच गिऱ्हाइकं येतात. अक्कलकोट रस्त्याला नाहीतर तुळजापूरच्या वाटेवर तीन-चार एकर माळरान असतं, दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांसाठी आठ-दहा खोल्या काढायच्या असतात, आणि "मॅडम, निसर्गाला धरून काहीतरी करा" असं म्हणत मोबाइलमधले श्रीलंकेचे फोटो पुढे येतात. अशातलंच एक जोडपं यंदा खरोखर श्रीलंकेला निघालंय. त्यांना तोंडी सांगितलं ते सगळं इथे लिहून काढते.

तिकीट काढायच्या आधी एक साधा कमाल-किमान तापमापक घ्या आणि महिनाभर आपल्याच शेतावर, सावलीत टांगा. एप्रिल-मे मिळाला तर उत्तम. रोजचे दोन आकडे वहीत लिहायचे. सोलापुरात मे महिन्यात दुपारी पारा ४१-४२ वर जातो आणि पहाटे २५-२६ पर्यंत उतरतो. हा पंधरा-सोळा अंशांचा फरक म्हणजे आपली ठेव. माळवदाची जाड भिंत दिवसभराचं ऊन पोटात घेते, आतल्या बाजूला ते पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि मग दारं-खिडक्या उघडून रात्रीच्या गार वाऱ्याने घर धुऊन काढायचं. कोलंबोत वर्षभर दिवसा ३०-३१ आणि रात्री २४-२५ असतं. फरक जेमतेम सहा-सात अंशांचा, वर हवा ओली. तिथे जाड भिंत काही कामाची नाही. घाम सुकवायला वारा लागतो, म्हणून तिथले लॉज बिनभिंतीचे, चहूबाजूंनी उघडे. फोटोत हे कारण दिसत नाही, नुसता उघडेपणा दिसतो.

मी हे फजिती करून घेऊन शिकले. पहिल्या बेटवारीहून परतले तेव्हा उघड्या आभाळाखालच्या न्हाणीघराने मला झपाटलं होतं. एका गिऱ्हाइकाला तसंच बांधून दिलं. मार्चमध्ये वावटळ आली की बादलीत मातीचा थर, आणि एप्रिलमध्ये भिंतीवरच्या पाइपातलं पाणी दुपारी असं तापायचं की पाहुणे आंघोळीसाठी रात्रीची वाट बघत. दोन वर्षांत वर पत्रा घालावा लागला. पत्र्याचे पैसे माझ्या खिशातून गेले, ते योग्यच झालं.

शेतावरच अजून एक काम उरकून घ्या. काळ्या मातीचं ढेकूळ वाळवून, कुटून, चाळून एका उभ्या काचेच्या ग्लासात चतुर्थांश भरा, खूण करा, पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा. माती फुगून खुणेच्या बरीच वर आली तर ती पायाला हलवणारी आहे, आणि पाया महाग पडणार हे आजच समजेल. बेटावर खांबांवर तरंगणारी हलकी घरं बघून जीव हरखतो, पण भर काळ्या मातीत खांब उभे करायचे तर खाली पाय फुगवलेले, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात. हातभर खाली मुरूम लागत असेल तर तुम्ही नशीबवान.

कधी जायचं? लोक डिसेंबरात जातात, समुद्र बघायला तेच बरं. आपल्याला मात्र जुलै-ऑगस्ट सोयीचा. तेव्हा बेटाच्या नैर्ऋत्येला मोसमी पाऊस असतो, आणि उत्तर-मध्य भागातला डंबुल्ला-पोलोन्नरुवाचा पट्टा मात्र कोरडा, वाऱ्याचा, तळी खाली गेलेली. एकाच फेरीत दोन्ही हवामानं बघायला मिळतात, आणि दुसरं बरंचसं आपल्या ओळखीचं असतं. निम्मे दिवस तिथेच ठेवा. सोलापूर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे चेन्नईहून उडायचा पर्यायही बघा. तिथून कोलंबो दीड तासाच्या आसपास. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. प्रवेश परवान्याचे नियम बदलत असतात, ते निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघायचे. घड्याळ बदलायची गरज नाही, वेळ आपलीच.

सामानात पाच मीटरची टेप, होकायंत्र, चौकटीची वही आणि पेन्सिल. शाईचं पेन नको, दमट हवेत कागद ओलसर होतो आणि शाई पसरते. शेतावरचा तापमापक सोबत घ्या, शक्यतो आर्द्रताही दाखवणारा. खोलीत शिरलात की फोटो काढण्याआधी तो टांगायचा, आणि उतरत्या छताचं टोक भिंतीपासून किती पुढे आलंय ते मोजायचं. ड्रोन घरीच ठेवा, तिथे तो उडवायला परवानगी लागते. देवळांसाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढलेला तिथे चालत नाही. जंगलात पाऊस असला तर जळवा असतात, लांब मोजे घ्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या हे सोलापूरकराला सांगायला नको, पण डबा घट्ट बंद होणारा घ्या. तिथल्या हवेत कडक भाकरी दोन दिवसांत चामड्यासारखी होते, आणि तीही आर्द्रतेची एक नोंदच.

बघायचं काय, तर पहिलं बेंटोटाजवळचं लुनुगंगा. जेफ्री बावा या वास्तुकाराने १९४८ मध्ये रबराचा जुना मळा घेतला आणि पुढची कितीतरी दशकं तो हळूहळू घडवत राहिला. वेळ आधी ठरवून जावं लागतं. इमारती छोट्याच आहेत, खरी मेहनत झाड कुठे ठेवलं, नजर कुठे थांबवली यात आहे. आपल्याकडे पहिल्या दिवशी जेसीबी येतो आणि चिंच-बाभूळ साफ करतो, मग आपण नर्सरीतून शोभेचे ताड आणतो. तिकडे जायच्या आधी आपल्या शेतातल्या प्रत्येक झाडाची दुपारी दोनची सावली कुठे पडते ते वहीत काढून ठेवा, म्हणजे लुनुगंगात बघायला डोळे तयार असतील.

दुसरं कंडलामा हे हॉटेल, डंबुल्लाजवळ. हेही बावांचंच, १९९०च्या दशकातलं. ते आधी सिगिरिया या प्राचीन खडककिल्ल्याच्या पायथ्याशी बांधायचा विचार होता, बावांनी जागाच बदलायला लावली. नान्नजच्या माळढोक अभयारण्याला खेटून जमीन शोधणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. इमारत कड्याला धरून लांबच लांब गेलेली आहे, पावसाचं पाणी अडवायचं नाही म्हणून खांबांवर उचललेली, आणि वेलींनी इतकी झाकलेली की तळ्यापलीकडून ओळखू येत नाही. तिथे राहणं परवडलं नाही तरी एक दुपारचा चहा घ्याच. वेलींच्या पडद्याच्या आत आणि बाहेर तापमापक धरा. हा पडदा आपल्याकडे चालण्यासारखा आहे, फक्त वेल कमी पाण्यावरची हवी.

तिसरी गोष्ट लॉज नाही. पोलोन्नरुवाचं पराक्रम समुद्र हे बाराव्या शतकातलं तळं बघा, आणि गावागावांत एकाखाली एक ओवलेली छोटी तळीही. वरच्या तळ्यातून सुटलेलं पाणी खालचं तळं धरतं. आपल्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बांधावर उभं राहिलेल्याला हे लगेच कळेल. त्याच गावांत जुनी मातीची घरंही दिसतील: लहान खिडक्या, पुढे उंच ओटा, त्यावर खाली उतरलेलं छप्पर. मोठ्या घरांत मधोमध चौक. आपल्या वाड्यातली ढाळज, आपला सोपा! मला तिथे दुसऱ्या वारीत थोडी लाजच वाटली, कारण मी पाडायला सांगितलेल्या एका वाड्यात हे सगळं होतं.

पाण्याचा हिशेब मात्र घरून करून न्या. आपल्या भारतीय मानकात हॉटेलसाठी खाटेमागे रोज १८० लिटर पाणी धरतात. दहा खोल्या, वीस खाटा म्हणजे रोजचे ३६०० लिटर. हजार चौरस फूट छत आणि वर्षाचा साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं वजा करून ४० हजार लिटरच्या आसपास हाती येतं. म्हणजे वर्षभरात जेमतेम अकरा दिवसांचं पाणी. बेटाच्या ओल्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तिथल्या लॉजने दाखवलेली पावसाच्या पाण्याची टाकी बघून भुलू नका. ज्या शहराला नळाच्या पाण्यासाठी चार-चार दिवस वाट बघायची सवय आहे, तिथल्या माणसाने विचारायचे प्रश्न वेगळे: चादरी कितीदा धुता, न्हाणीतलं पाणी कुठल्या झाडांना जातं, टँकर कधी मागवावा लागला का? हे मॅनेजरला न विचारता माळ्याला आणि धुणं करणाऱ्या बाईंना विचारा. टॉवेलबद्दलही विचारा. सोलापूरकराने टॉवेलला नावं ठेवू नयेत, पण जाडजूड टॉवेल पाणी फार खातो. पाहुण्यांना पंचा दिला तर ते नाराज होतील का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

छतांकडे वर बघत चला. बावांच्या कामात पन्हळी पत्र्यावर अर्धगोल कौलं बसवलेली दिसतात. पत्रा पाणी अडवतो, कौल ऊन झेलतं. त्यांचे पत्रे सिमेंट-अॅस्बेस्टॉसचे असत, ते आपल्याला नकोतच. पण आपल्याकडे पत्रा घरोघरी आहे आणि मे महिन्यात त्याखाली बसवत नाही, त्यामुळे ही जोडी मला सगळ्यात उपयोगाची वाटते. वाशांची जाडी, दोन थरांतली फट, कडेला कौल कसं अडकवलंय, सगळं मोजून आणा.

येताना प्रवाळ, बिया, माती काहीही उचलायचं नाही. नारळाच्या खांबांचा मोहही तिथेच सोडा, आपल्याकडे बाभूळ, कडुनिंब, काळा दगड आणि शेजारच्या जिल्ह्यातली शहाबादी फरशी आहे. आणि परतल्यावर आठवडाभर माझ्याकडे येऊ नका. वही घेऊन शेतावर जा, प्रत्येक चित्राखाली "हे तिथे का आहे" ते लिहा, आणि ज्याचं कारण आपल्या माळावर लागू नाही त्यावर काट मारा. अक्कलकोटच्या काकड आरतीला जाणाऱ्यांना पहाटे चारला गरम पाणी लागतं, त्याची सोय कुठल्याच पानावर नसेल. ती जागा कोरी सोडा, तिथून आपण सुरुवात करू.