जॅगर्डवर काम सुरू करताय? आधी तो चौकटी कंस बघा

शेक्सपियरच्या काळातला लंडनचा मुद्रक विल्यम जॅगर्ड याच्यावरचं माझं पहिलं प्रकरण लिहून झालं तेव्हा त्यात एक वाक्य होतं : "राल्फ ब्रुकचा ग्रंथ सोडला तर १६१९ हे जॅगर्डच्या छापखान्याचं शांत वर्ष दिसतं." ते वाक्य प्रगती अहवालात गेलं, एका चर्चासत्रात मी ते वाचून दाखवलं, आणि आठ महिने कुणी त्यावर बोट ठेवलं नाही. ते साफ चूक होतं. त्याच वर्षी त्या छापखान्यातून शेक्सपियरची, आणि त्याची नसून त्याच्या नावावर चढवलेली, अशी दहा नाटकं नऊ क्वार्टो (कागद दोनदा दुमडून केलेल्या, लहान आकाराच्या) पुस्तकांत बाहेर पडली होती. माझ्या तक्त्यात त्यांतलं एकही पुस्तक जॅगर्डच्या नावापुढे नव्हतं.

हे आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो. म्हणून लिहिते आहे. एसटीसी आणि ईएसटीसी (जुन्या इंग्रजी छापील पुस्तकांचे कॅटलॉग), ईबो (त्या पुस्तकांच्या प्रतिमांचा ऑनलाइन संग्रह), स्टेशनर्स रजिस्टर (पुस्तकांच्या हक्कांची नोंदवही) कसं वापरायचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. ते माहीत नसेल तर आधी महिनाभर तेवढंच करा, मग पुढचं वाचा.

जॅगर्डची वाटचाल वरवर पाहता सोपी आहे, आणि तिथेच माणूस गाफील राहतो. हेन्री डेनमकडे उमेदवारी, १५९१ मध्ये स्टेशनर्स कंपनीचं, म्हणजे लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाचं, सभासदत्व, १५९४ च्या सुमारास फ्लीट स्ट्रीटजवळ सेंट डनस्टन चर्चच्या आवारात पुस्तकांचं दुकान. पुढे बार्बिकनमधला जेम्स रॉबर्ट्सचा छापखाना हळूहळू त्याच्या हातात आला आणि १६०८ पर्यंत पुरता त्याचा झाला. रॉबर्ट्सकडचा नाटकांच्या जाहिराती छापण्याचा मक्ताही त्याच्याकडे आला. मग लंडन शहराचा अधिकृत मुद्रक हे पद. १६१२ च्या आसपास डोळे गेले. मुलगा आयझॅक हाताशी आला. आणि शेवटी १६२३ चा फोलिओ, म्हणजे शेक्सपियरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह. विक्रेता, मग मुद्रक, मग मोठा मुद्रक अशी चढती कमान. मी तीच कमान एक्सेलमध्ये वर्षवार मांडायला बसले.

आता फसले कुठे ते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

कॅटलॉगमध्ये 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या एका आवृत्तीपुढे साल असं दिसतं : १६०० [म्हणजे १६१९]. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या एका आवृत्तीपुढेही तसंच. 'किंग लिअर'पुढे १६०८ [म्हणजे १६१९]. मुद्रकाचं नावही कंसात. मला वाटलं, चौकटी कंस म्हणजे कॅटलॉग करणाऱ्याची शंका. आमच्या सरांचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य होतं, "मूळ साधन बघा, दुसऱ्याच्या यादीवर विसंबू नका." मी ईबोवर 'मर्चंट'चं मूळ शीर्षकपान उघडलं. तळाला स्वच्छ छापलेलं : मुद्रक जे. रॉबर्ट्स, १६००. मूळ साधन डोळ्यांसमोर असताना यादीतल्या कंसाचं काय करायचं? एक फॉर्म्युला टाकून मी सगळ्या रांगांतले कंस उडवले आणि चार आकडी साल ठेवलं.

त्यावर मी इमला चढवला. 'मर्चंट'च्या १६०० मध्येच दोन आवृत्त्या, म्हणजे नाटक वर्षभरात संपलं असणार! रॉबर्ट्सचा नाटकांचा धंदा तेजीत असणार, आणि जॅगर्डने तो चालता धंदा घेतला असणार. सगळं इतकं छान जुळत होतं की शंका यायला जागाच राहिली नाही.

नीट लक्षात घ्या. चौकटी कंसाचा अर्थ शंका असा नाही. कंसात लिहिलेलं पानावर छापलेलं नाही, पण दुसऱ्या पुराव्यावरून सिद्ध झालेलं आहे, असा त्याचा अर्थ. शंका असली की आत प्रश्नचिन्ह असतं. प्रश्नचिन्ह नसेल तर त्या कंसामागे कुणाची तरी वर्षांची मेहनत आहे, आणि तो पानावरच्या छापील ओळीपेक्षा जास्त भरवशाचा असू शकतो. त्या काळात मुद्रकाचं नाव शीर्षकपानावर असायलाच हवं असं नव्हतं. 'लिअर'ची खरी १६०८ ची आवृत्ती निकोलस ओक्सने छापली, पण पानावर फक्त नथॅनिएल बटरचं नाव आणि त्याच्या 'पाइड बुल' या दुकानाचा पत्ता आहे. कंस उडवलेत तर ओक्स गेला. १६१९ च्या त्या नऊ पुस्तकांपैकी एकाच्याही शीर्षकपानावर जॅगर्डचं नाव नाही. कंस उडवलेत तर जॅगर्डही गेला. मुद्रकाचं चरित्र लिहायला बसायचं आणि मुद्रकालाच गाळायचं, असं होतं ते.

या सालांचा खोटेपणा पकडला तो जुन्या पुस्तकांचे इंग्रज अभ्यासक डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी, १९०८ मध्ये, आणि तो कागदावरून. तेव्हाचा कागद हाताने, जाळीच्या साच्यावर बनायचा. साच्यावर बसवलेल्या तारेच्या आकृतीचा ठसा, म्हणजे जलचिन्ह, कागदात उतरायचा. क्वार्टोत तो पुस्तकाच्या घडीत, शिवणीजवळ अर्धा-अर्धा सापडतो. ग्रेग यांना दिसलं की १६००, १६०८ आणि १६१९ अशी वेगवेगळी सालं मिरवणाऱ्या या पुस्तकांत जलचिन्हांची तीच ती सरमिसळ आहे. छापखान्यात कागद येतो आणि संपतो. तीच सरमिसळ एकोणीस वर्षं गोदामात पडून राहणं शक्य नाही. पुढे १९१० मध्ये विल्यम नाइडिग यांनी शीर्षकपानांचे फोटो एकमेकांवर ठेवून दाखवलं, की वेगवेगळी सालं घातलेल्या पानांवरच्या काही ओळी म्हणजे तेच जुळवलेले खिळे (छपाईची धातूची अक्षरं) आहेत, न सोडता एका पानातून दुसऱ्या पानात उचलून ठेवलेले.

यातलं काहीही ईबोवर दिसत नाही. तिथल्या प्रतिमा जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या, काळ्या-पांढऱ्या. त्यात जलचिन्ह येणारच नाही. "मूळ साधन बघा" हा सल्ला चुकीचा नव्हता. मी पाहत होते ते मूळ साधन नव्हतं, त्याची सावली होती. हा फरक मला कुणी सांगितला असता तर आठ महिने वाचले असते.

मला तो कळला पुण्यात, शनिवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात. तिथे पायाने चालवायचं ट्रेडल मशीन अजून होतं, आणि चाळीस वर्षं खिळे जुळवलेले एक काका दुपारी येऊन बसायचे. मी वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाच्या चांगल्या रंगीत प्रतिमांवरून त्या नऊ पुस्तकांतली दोन शीर्षकपानं छापून नेली होती, एकावर साल १६०० आणि दुसऱ्यावर १६१९. काकांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्यांनी भिंग लावलं, दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला टेकवले आणि मधल्या ओळीवरून नख फिरवलं. "ताई, ही ओळ सोडलेलीच नाही. लग्नपत्रिकेचं बघा, वरचं श्री आणि चौकट बांधलेली ठेवायची, नावं आणि तारीख तेवढी बदलायची. हे एकाच आठवड्यातलं काम आहे." मी म्हटलं, मध्ये एकोणीस वर्षं आहेत. ते म्हणाले, "एकोणीस वर्षं कोण खिळे अडकवून ठेवील? धंदा करायचाय की नाही?"

मग त्यांनी खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, केसमधून, 'अ'चा एक खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. कान्याचा कोपरा उडालेला होता. असा खिळा जिथे जिथे उमटेल तिथे ओळखू येतो, म्हणाले. मी तोवर या विषयावर शेकडो पानं वाचली होती, पण खिळा हातात धरला नव्हता.

म्हणून माझं ठाम मत आहे : मुद्रणाच्या इतिहासावर काम करणाऱ्याने पहिल्या तीन महिन्यांत एखाद्या जुन्या छापखान्यात जाऊन एक फर्मा (छापण्यासाठी चौकटीत आवळलेली खिळ्यांची पानं) तरी बांधताना पाहावा. आपल्याकडे असे छापखाने भराभर बंद होताहेत, तेव्हा लवकर जा. आणि मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावावर किती शोधनिबंध आहेत यापेक्षा ते तुम्हाला "हे कशावरून?" असं विचारतात का, ते बघा. "आधी पेपर टाका, मग बघू" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. माझं चुकीचं वाक्य चर्चासत्रात गेलं ते याच घाईपायी.

संगणकावरच्या शब्दशोधावर सगळं काम उरकण्याचा मोह आवरा. तो मजकुरासाठी उत्तम आहे, मुद्रकासाठी जवळजवळ निरुपयोगी. मजकूर सांगतो लेखक काय म्हणाला, खिळा कुणाचा होता हे सांगत नाही.

शीर्षकपानाच्या तळाची ओळ वाचताना शब्दयोगी अव्ययांकडे लक्ष द्या. अमक्याने छापलं, अमक्यासाठी छापलं, अमक्याकडे विकत मिळेल, ही तीन वेगळी कामं आहेत, कधी एकाच माणसाची, कधी तिघांची. १५९९ चं 'पॅशनेट पिलग्रिम' जॅगर्ड'साठी' छापलं गेलं आणि विल्यम लीककडे विकायला ठेवलं होतं. तेव्हा जॅगर्डचा स्वतःचा छापखाना नव्हता. या पुस्तकावर शेक्सपियरचं नाव आहे, आतल्या वीस कवितांपैकी पाचच त्याच्या. १६१२ च्या आवृत्तीत थॉमस हेवुडच्या कविता घातल्या, हेवुडने छापील तक्रार केली, शेक्सपियरही नाराज असल्याचं लिहिलं, आणि नंतर शेक्सपियरचं नाव नसलेलं नवं शीर्षकपान आलं. यावरून कित्येक जण जॅगर्डला 'चोर' म्हणून मोकळे होतात. तो शॉर्टकट घेऊ नका. हक्क तेव्हा लेखकाचा नसायचा, कंपनीत नोंद करणाऱ्या सभासदाचा असायचा. हेवुडचं दुःख खरं आहे, पण आजचा कॉपीराइट चारशे वर्षं मागे नेऊन निवाडा देता येत नाही. रजिस्टरमधली नोंद म्हणजे पुस्तक छापलं असंही नव्हे. आणि जानेवारी ते २४ मार्च या तारखांचं साल दोनदा तपासा, त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं.

घाबरवायचा हेतू नाही. १६१९ मध्ये घातलेली ही खोटी सालं पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ भल्याभल्या संपादकांनी खरी मानली. कोणता 'लिअर' आधीचा यावर विद्वान भांडले. ती का घातली, यावर आजही वाद चालू आहे. १६१९ च्या मे महिन्यात लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याने स्टेशनर्स कंपनीला पत्र पाठवून राजाच्या नाटकमंडळीची नाटकं त्यांच्या संमतीशिवाय छापू नयेत असं कळवलं होतं, हे त्यातलं महत्त्वाचं सूत्र. तुम्ही फसलात तर मोठ्या रांगेत उभे आहात. आणि लंडनला गेल्याशिवाय काहीच होत नाही, हेही खरं नाही. आर्बर यांनी छापलेलं स्टेशनर्स रजिस्टर इंटरनेटवर फुकट आहे. चांगल्या प्रतिमा, भिंग आणि खिडकीची काच यांवर बरंच होतं. जलचिन्हासाठी मात्र ज्यांनी प्रत हातात घेतली त्यांचं म्हणणं वाचा, आणि त्यांचं नाव घेऊन लिहा.

जॅगर्ड माणूस म्हणून भेटावा असं वाटत असेल तर १६२२ कडे जा. वर आलेला ब्रुक, हा सरदार घराण्यांच्या वंशावळी तपासणारा अधिकारी. १६१९ च्या ग्रंथातल्या चुका त्याने मुद्रकावर ढकलल्या, मी आजारी होतो म्हणाला. ऑगस्टीन व्हिन्सेंटने ब्रुकच्या चुका दाखवणारं पुस्तक लिहिलं, ते जॅगर्डने छापलं, आणि त्यात स्वतःचं उत्तर घातलं : तुम्ही जातीने आला नसाल, पण प्रूफं तुमच्याकडे येत होती आणि तुम्ही ती पाहत होता. हे लिहिणाऱ्याला दहा वर्षं दिसत नव्हतं. त्या काळची प्रूफं कशी फिरायची याचा असा थेट दाखला फार थोड्या ठिकाणी मिळतो, आणि तो एका अंध मुद्रकाच्या रागातून मिळाला.

माझ्या तक्त्यात आता तीन रकाने आहेत : पानावरचं साल, प्रत्यक्ष साल, कशावरून. फोलिओची रांग भरताना मला पुन्हा थांबावं लागलं. शीर्षकपान सांगतं, आयझॅक जॅगर्ड आणि एडवर्ड ब्लाउंट यांनी छापलं. ब्लाउंट पुस्तकविक्रेता होता, त्याच्याकडे छापखाना नव्हता. विल्यमचं नाव तिथे नाहीच. ते शेवटच्या पानावर आहे, खर्च कुणी केला त्या ओळीत, चार नावांत पहिलं. फोलिओ पुरा होण्याच्या सुमारास तो वारला. फोलिओची एक प्रत व्हिन्सेंटला मिळाली. ती आज फोल्जरमध्ये आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये हाताने लिहिलंय : मुद्रक विल्यम जॅगर्डकडून भेट, १६२३.