कलादालनात वस्त्र मांडायचे ठरवल्यास

फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : मी केलेला पोशाख चित्र-शिल्पांच्या प्रदर्शनात ठेवता येईल का? ठेवता निश्चित येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९८३ साली इव्ह सां लोराँ या तेव्हा हयात असलेल्या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हाच तो प्रश्न जवळजवळ निकालात निघाला होता. खरी अडचण पुढे येते. प्रदर्शनाचे नाव निघाले की विद्यार्थी घाईघाईने पोशाखाला पंख, पिंजरे आणि चार फुटी खांदे लावू लागतात, कारण जे अंगात घालता येत नाही ते कला, असा समज पसरलेला आहे. न घालता येणे हीच कलेची खूण असती, तर शिवणयंत्रावर बसणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात एखादी तरी कलाकृती सापडली असती. माझ्या मते वस्त्र कलाकृती म्हणून उभे राहते की नाही, हे त्यात शरीराला कोणते काम दिले आहे यावर ठरते, आणि ते काम कापड बेतण्यापूर्वी ठरवावे लागते. पुढची रीत त्याच क्रमाने सांगितली आहे.

कात्रीपूर्वीचा प्रश्न

रेखाटनवहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहावा : हे वस्त्र कोणाच्याही अंगावर नसेल, तर त्यातले काय उरेल? उत्तर एका वाक्यात लिहिता येईपर्यंत कापड विकत घेऊ नये.

काही वेळा उत्तर असे येते की, अंगावर नसणे हाच विषय आहे. योसेफ बॉइस या जर्मन कलावंताने १९७० साली स्वतःच्या सूटवरून बेतलेला फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरी कापडाचा सूट शंभर प्रतींत काढला. तो साध्या हँगरला अडकवून भिंतीवर टांगला जातो. त्यात माणूस नाही, हेच पाहणाऱ्याच्या मनात घर करून राहते. असे काम करायचे असेल तर बाह्यांची लांबी, खांद्याचा उतार आणि खिशाची जागा यांवर नेहमीच्या शिवणकामापेक्षा जास्त विचार करावा लागतो, कारण तिथे रिकाम्या जागेलाच आकार द्यायचा असतो.

काही वेळा शरीर हे वस्त्राला चालू करणारे कळसूत्र असते. अत्सुको तानाका या जपानी कलावतीने १९५६ साली रंगवलेल्या विजेच्या दिव्यांचा आणि नळ्यांचा पोशाख केला व तो स्वतः अंगात घालून ती लोकांसमोर उभी राहिली. दिवे लुकलुकत असताना, वायरींच्या जंजाळात एक माणूस अडकलेला आहे हे दिसल्यावरच त्या कामातली भीती कळते. हुसेन चलायन या फॅशन डिझायनरच्या २००० सालच्या लंडनमधल्या सादरीकरणात रंगमंचावर एका बैठकीच्या खोलीतले सामान मांडलेले होते. शेवटी एका मॉडेलने गोल लाकडी टेबलाच्या मधोमध पाऊल ठेवले, ते वर खेचले, आणि टेबलाच्या वलयांचा झगा तिच्या कमरेभोवती उभा राहिला. घरदार सोडून अचानक निघावे लागणाऱ्या माणसांनी सोबत काय न्यावे, हा त्या सादरीकरणाचा विषय होता. ते टेबल नुसते पुतळ्यावर ठेवले तर सुतारकामाचा उत्तम नमुना म्हणून पाहिले जाईल, विषय मात्र हरवेल. म्हणून ज्यांचे उत्तर या जातीचे आहे, त्यांनी पोशाखाबरोबर त्याचे चलचित्रण दाखवण्याची सोय सुरुवातीपासून योजनेत धरावी.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत अवघड वाटते, कारण तिथे वस्त्र शरीराशी वाद घालते. रेई कावाकुबो या जपानी फॅशन डिझायनरनी १९९७ च्या उन्हाळी संग्रहासाठी ताणल्या जाणाऱ्या चौकटीच्या कापडात कमरेवर, पाठीवर आणि खांद्यावर गाद्या भरून असे पोशाख केले, की अंग कुठे संपते आणि कपडा कुठे सुरू होतो हे सांगता येऊ नये. त्याच वर्षी मर्स कनिंगहॅम या अमेरिकन नृत्यकाराच्या रचनेसाठी त्यांनी याच धर्तीचे पोशाख दिले. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन केले, तरीही आपण कलावंत नव्हे असेच त्या सांगत आल्या आहेत. ही सीमारेषा इतरांना जितकी पुसट दिसते तितकी ती काम करणाऱ्याला दिसेलच असे नाही, एवढे यावरून लक्षात ठेवावे.

आणि उत्तर जर ‘एक सुंदर पोशाख उरेल’ एवढेच आले, तर त्यात कमीपणा काही नाही. तो पोशाख रॅम्पवर पाठवावा. कलादालनात तो उगाच अवघडून उभा राहील.

कल्पना कापात उतरवणे

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. एखाद्या प्रसिद्ध चित्राची छपाई कुर्त्यावर करून घेतली की दोन कलांचा संगम झाला, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात कापडाने चित्र पाठीवर घेतलेले असते, एवढेच. कल्पना छपाईत न ठेवता कापात कशी ठेवतात हे पाहायचे असेल, तर सां लोराँने मोंद्रियान या डच चित्रकाराच्या चित्रांवरून १९६५ साली केलेल्या पोशाखाचे जवळून निरीक्षण करावे. दुरून तो काळ्या पट्ट्या आणि लाल, निळ्या, पिवळ्या चौकोनांचा सपाट आयत दिसतो. जवळ गेल्यावर कळते की, त्यातला प्रत्येक चौकोन लोकरी जर्सीचा वेगळा बेतलेला तुकडा आहे आणि तो शेजारच्या तुकड्याला शिवणीने जोडलेला आहे. छातीला व कमरेला आकार देण्यासाठी एरवी जे डार्ट, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या निमुळत्या शिवणी, घालावे लागतात, ते सगळे या जोडांच्या शिवणींत मुरवून टाकलेले आहेत. माणसाचे अंग सपाट नसते. ते सपाट दिसावे यासाठी इतकी लबाडी करावी लागते. मोंद्रियानच्या चित्राची नक्कल म्हणून या पोशाखाला नावे ठेवणाऱ्यांनी हा भाग पाहिलेला नसतो, असे मला वाटते.

म्हणून पहिला नमुना नेहमी मांजरपाटावर करावा. मांजरपाटाला रंग नसतो, झळाळी नसते, त्यामुळे कल्पना कापात आहे की नुसती कापडाच्या देखणेपणात, हे लगेच उघडे पडते. हा नमुना पुतळ्यावर चढवून दोन दिवस समोर ठेवावा आणि विषय न सांगता तीन-चार जणांना दाखवावा. त्यांना त्यात काहीच खटकले नाही, थांबवले नाही, तर कागदी नमुना पुन्हा काढावा. रेशीम आणून ती उणीव भरून निघत नाही. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, काप घ्यायचा की उभ्या धाग्यावर बेतायचे, शिवण आत दडवायची की उघडी ठेवायची, कडा दुमडायची की तिचे दोरे सुटू द्यायचे, हे निर्णयसुद्धा पहिल्या पानावरच्या वाक्याकडे पाहूनच घ्यावेत.

आपल्याकडच्या कापडांतही अशा गोष्टी दडलेल्या आहेत. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहावा : धागे एकमेकांत गुंतवत नक्षी विणलेली असल्यामुळे मोर उलट्या बाजूनेही जवळपास तितकाच नेटका दिसतो. मग ती नेहमी भिंतीला किंवा पुतळ्याला पाठ लावूनच का टांगावी? दोन्ही बाजूंनी फिरता येईल अशी ती दालनाच्या मधोमध सोडली, तर विणकराची विद्या आपसूक विषय होते. उलट दिशेचा प्रवासही आपल्या घरांतूनच झालेला आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत, घाटकोपरला सुरू झाला आणि त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघर पोहोचल्या. लोकांनी त्यांतल्या लक्ष्मी-सरस्वतींना जर, टिकल्या आणि खऱ्या कापडाची लुगडी चिकटवून नटवले. सजवलेल्या अशा प्रती आज संग्राहक आवर्जून जमवतात. चित्राला कापड नेसवणाऱ्या त्या हातांनी आपण कोणती सीमा ओलांडली, याचा विचार केला असेल असे वाटत नाही.

मांडणी

माझे पहिले प्रदर्शित काम म्हणजे आजीच्या दोन जुन्या रेशमी लुगड्यांतून बेतलेला पायघोळ अंगरखा. दालनवाल्यांनी तो लाकडी हँगरवर टांगला आणि वरून एक झगझगीत दिवा सोडला. मीही आनंदाच्या भरात काही बोललो नाही. दहाव्या दिवशी उजव्या खांद्याची शिवण ताणून उसवू लागली होती, घडीवर रेशीम चिरत चालले होते आणि दिव्याखालच्या बाहीचा डाळिंबी रंग उतरून गुलाबट झाला होता. काठ मात्र जसेच्या तसे होते. तेव्हापासून मांडणीच्या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही.

वस्त्राचे वजन एका रेषेवर येऊ द्यायचे नाही, हे मांडणीचे मुख्य सूत्र. पुतळा वस्त्राच्या मापापेक्षा एक माप लहान घ्यावा आणि उरलेली जागा पॉलिस्टर वॅडिंगचे पातळ थर गुंडाळून भरावी. त्यावर होजिअरीचे धुतलेले कापड ताणून बसवावे, म्हणजे पुतळ्याचा रंग किंवा प्लास्टिक वस्त्राला लागत नाही. घेरदार झग्याखाली मांजरपाटाचा चुणीदार परकर द्यावा. पुतळा नको असेल तर किमोनो मांडतात त्याप्रमाणे दोन्ही बाह्यांतून जाड, कापड गुंडाळलेली नळी ओवावी, म्हणजे भार खांद्यांच्या टोकांवर न येता पूर्ण रुंदीवर पसरतो. पुतळ्याला डोके ठेवावे की नाही, ही बाब वरवर किरकोळ वाटते. पण डोके ठेवले की पाहणाऱ्याला दुकानाची काच आठवते, म्हणून मी ते ठेवत नाही. मांडणी उद्घाटनाच्या आदल्या रात्री न करता दोन-तीन दिवस आधी करून कापड कुठे लोंबते ते पाहावे.

रेशीम आणि नैसर्गिक रंगांसाठी संग्रहालये साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात. डोळ्यांना तो आधी मंद वाटतो, पण आजूबाजूची भिंत गडद असेल तर पुरेसा ठरतो. मोबाइलवरच्या मोजणीतून अंदाजापुरता आकडा मिळतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात प्रदर्शन असेल तर हवेतल्या ओलाव्याची चौकशी आधी करावी. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, अशा चढउताराचा कापडाला विशेष त्रास होतो. लोकरी कामाला कसर लागण्याचे भय कायम असते. लंडनच्या टेट संग्रहातली बॉइसच्या सूटची प्रत कसरीनेच खाल्ली आणि अखेर ती संग्रहातून काढून टाकावी लागली. साधे लोकरी कापड हवाबंद पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवले, तर अळ्या आणि अंडी मरतात. मणी, काच किंवा जर असलेल्या कामावर मात्र हा प्रयोग करू नये.

फलक, किंमत आणि कायदा

फलकावर माध्यम लिहिताना ‘मिश्र माध्यम’ लिहून मोकळे होऊ नये. चलायनने १९९३ सालच्या पदवी संग्रहातले कपडे लोहकीस लावून जमिनीत पुरले होते आणि काही काळाने उकरून काढले होते; तिथे गंज आणि माती हीसुद्धा माध्यमेच ठरतात. आपणही सूत, नीळ, बुकरम, जुने लुगडे असे एकेक नाव लिहावे.

त्याखालच्या ओळीत कारागिरांची नावे यायलाच हवीत. चित्रकाराने स्वतः रंगवलेले असते असे आपण गृहीत धरतो. पोशाखाच्या बाबतीत बेतणारा एक, शिवणारा दुसरा आणि आरीवर, म्हणजे भरतकामाच्या आकडेदार सुईवर, बसलेले आणखी चौघे असतात. दिओर या फ्रेंच फॅशन संस्थेच्या जानेवारी २०२२ मधल्या पॅरिसच्या सादरीकरणात मनू पारेख आणि माधवी पारेख यांच्या चित्रांवर आधारित भव्य भरतकामाचे पट लावलेले होते, आणि ते मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेत व तिच्या हस्तकला शाळेत भरले गेले होते. फॅशन, चित्र आणि कारागिरी अशी तिन्ही दारे तिथे एकदम उघडली. तरीही अशा कामांची चर्चा होते तेव्हा सुई धरणाऱ्यांचा उल्लेख बहुतेकदा समूहवाचक नामानेच होतो. आपल्या एका फलकावर सहा नावे लिहायला जागा सहज असते.

किंमत लावण्यापूर्वी प्रतींची संख्या जाहीर करावी. एकच प्रत असेल तर तसे लिहावे, पाच असतील तर मुद्राचित्रांप्रमाणे प्रत्येकीवर क्रमांक घालावा. मात्र लहान, मध्यम, मोठा अशी मापे उपलब्ध असल्याचे सांगितले की ते काम पुन्हा दुकानात गेलेच. भारतीय कायद्यानेही ही रेघ संख्येतच ओढली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकणारी पण न केलेली रचना तिच्या मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कोणी औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक वेळा वस्तूवर उतरवली, की तिच्यातला कॉपीराइट संपतो. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर आधी दहा आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. पण नोंदणीसाठी रचना आधी प्रसिद्ध झालेली नसावी लागते. म्हणून पुढे ती रचना बाजारात आणायचा विचार असेल, तर अर्ज प्रदर्शनाच्या आधी करावा आणि त्यासाठी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. एखाद्या दुकानाने प्रदर्शनातच साठ नगांची मागणी नोंदवली, तर होकार देण्यापूर्वी हा पन्नासचा आकडा आठवावा.

प्रदर्शन संपल्यावर वस्त्र त्याच दिवशी पुतळ्यावरून उतरवावे. घडी घालणे टाळून ते धुतलेल्या मांजरपाटात लपेटून जाड नळीवर गुंडाळावे. घडी अटळ असेल तर प्रत्येक मोडीत आम्लविरहित कागदाची वळी ठेवावी. मांडणीची पुढून, मागून आणि आतल्या शिवणींची छायाचित्रे पार्सलमध्येच घालावीत आणि नळी कोणत्या बाहीतून आधी ओवायची, हे वरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे.